पाळकसाहेबांना डॉक्टरकडे नेलं तर विश्वासाचं काय?

आदरणीय ताई,

सलाम. नाव-गाव छापू नका, ही विनंती आधीच करते. आमची चर्चची मंडळी लहान आहे, दोन ओळींवरून माणसं ओळखतील.

माझे पती एका तालुक्याच्या गावात पाळक आहेत. वय ४१. आम्हाला एक मुलगी, सहावीत आहे. दिवाळीच्या सुमारापासून यांचं काहीतरी बिनसलं आहे. पहाटे तीनला जागे होतात आणि ओट्यावर बसून राहतात. जेवण दोन घासांचं. उपदेश लिहायला बसतात आणि तीन-तीन तास कागद कोराच राहतो. रविवारी मात्र उभे राहतात, आवाज चढवून "प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा" म्हणून सांगतात आणि घरी आले की दार लावून घेतात. रोज संध्याकाळी पेटी घेऊन मुलीला गाणी शिकवायचे. चार महिने झाले, पेटीची खोळ निघालेली नाही. प्रभूने मला टाकून दिलंय, असं म्हणतात. मागच्या आठवड्यात रात्री म्हणाले, "मी नसतो तर तुमचं दोघींचं बरं झालं असतं."

सासरे निवृत्त पाळक आहेत. ते म्हणतात, सेवेकऱ्याला असं होतंच कसं? प्रार्थना कमी पडतेय, एकवीस दिवसांचा उपास धर. बाहेरगावचे एक सुवार्तिक येऊन गेले, त्यांनी यांच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आत्म्याची बाधा आहे. धाकटे दीर बायबल कॉलेजात शिकलेत. त्यांच्या मते मानसशास्त्र हे देवाला न मानणाऱ्या फ्रॉइडचं शास्त्र, आपल्याला पवित्र शास्त्र पुरेसं आहे. माझी बहीण नर्स आहे, ती म्हणते आजच्या आज मानसोपचारतज्ज्ञाकडे ने. आणि हे म्हणतात, "लोकांना विश्वास ठेवा सांगतो, आणि मीच वेड्यांच्या डॉक्टरकडे जाऊ?"

आमचं घर मंडळीच्या आवारात आहे. कमिटीला कळलं तर काम जाईल, कामाबरोबर घरही. मी कुणाचं ऐकू? डॉक्टरकडे नेणं म्हणजे प्रभूवरचा विश्वास सोडणं आहे का?

— एक पाळकीणबाई

•

प्रिय पाळकीणबाई,

सलाम. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे, आणि ते मी सविस्तर देणार आहे. पण त्याआधी तुमच्या पत्रातलं एक वाक्य. "मी नसतो तर तुमचं बरं झालं असतं." हे वाचून झाल्यावर थांबू नका, आज रात्रीच त्यांना विचारा. आडवळणाने नको, सरळ विचारा: "तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, अशी भीती आपल्याकडे फार आहे. तसं होत नाही. उलट ज्याच्या मनात ते चाललेलं असतं, त्याला कुणीतरी विचारल्यावर पहिल्यांदा श्वास घेता येतो. ते "हो" म्हणाले तर रागावू नका, रडून त्यांच्यावर शपथा घालू नका आणि ते पाप कसं आहे हे त्या वेळी सांगू नका. ऐका. त्यांना एकटं सोडू नका. कसं आणि कधी याचाही विचार त्यांनी केलेला असेल, तर त्याच रात्री जिल्हा रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. घरात झोपेच्या गोळ्या असतील, फवारणीची औषधं असतील, तर ती बहिणीच्या घरी हलवा. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. रुग्णाच्या घरच्यांनीही फोन केलेला चालतो, तेव्हा तुम्ही स्वतः करा. आणि ते "नाही, तसं काही नाही" म्हणाले, तरी या आठवड्यात डॉक्टर गाठायचाच.

आता बाकीचं.

पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी करणारही नाही. पण झोप पहाटे मोडणं, भूक जाणं, मन एकाग्र न होणं, आपण टाकाऊ आहोत असं वाटणं, मरणाचे विचार, कशातच रस न उरणं, ही लक्षणं दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. तुमच्याकडे चार महिने झाले आहेत. तुम्ही पेटीचं लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे, डॉक्टरांना ते जसंच्या तसं सांगा. आत्मिक जीवनात कोरडे दिवस सगळ्यांनाच येतात. प्रार्थना नुसती ओठांवर राहते, वचन वाचताना मन दुसरीकडे जातं. ज्याचा प्रार्थनेतलाच रस आटला आहे, पण पेटी वाजवावीशी वाटते, मुलीशी थट्टा सुचते, माशाचं कालवण गोड लागतं, त्या माणसाशी मी वेगळं बोलले असते. त्याला एखाद्या अनुभवी पाळकाकडे पाठवलं असतं. तुमच्या पतींचा सगळ्यातलाच रस गेला आहे. प्रार्थना त्यातली एक. सोळाव्या शतकात स्पेनमधल्या क्रूसाच्या संत योहानाने आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीविषयी लिहिलं, आणि ज्याचा दाखला आज कोणत्याही उदासीला दिला जातो, त्यानेही बजावून ठेवलं आहे की हा कोरडेपणा विषण्णतेच्या आजारातूनही येऊ शकतो, तेव्हा पारख करा. मानसशास्त्र हा विषय तेव्हा जन्मालाही आला नव्हता.

तुमच्या सासऱ्यांविषयी मला आदर आहे. सायकलवरून खेडी पालथी घालणारी, तुटपुंज्या पगारात चार मुलं शिकवणारी ती पिढी. आपलं दुखणं कुणापुढे काढायचं नाही, हे त्यांना सेवेचाच भाग म्हणून शिकवलं गेलं. पण एकवीस दिवसांचा उपास आत्ता नको. जो माणूस आधीच दोन घासांवर आला आहे, त्याचं शरीर आणखी खचवायचं नाही. उपास सासऱ्यांनी धरावा, मुलासाठी. त्यांना तसं नम्रपणे सांगा. मला वाटतं ते ऐकतील.

आणि त्यांना ई. स्टॅन्ली जोन्स यांची आठवण करून द्या. सासऱ्यांच्या पिढीच्या पाळकांना हे नाव माहीत असतं. अमेरिकेतले हे मेथडिस्ट मिशनरी १९०७ मध्ये भारतात आले आणि लखनौच्या मंडळीत कामाला लागले. आठ-नऊ वर्षांत मन आणि शरीर दोन्ही कोलमडलं. थंड हवेच्या ठिकाणी विश्रांतीला गेले, परत आले, पुन्हा कोलमडले. मायदेशी रजेवर पाठवलं, तिथून परतल्यावरही तेच. आपलं मिशनरी आयुष्य संपलं, असं त्यांना वाटू लागलं होतं. मग लखनौलाच एका रात्री प्रार्थनेत त्यांना अनुभव आला की हे ओझं तू माझ्यावर टाक, असं प्रभू म्हणतो आहे. त्यांनी ते टाकलं आणि ते उभे राहिले. पुढे कित्येक दशकं त्यांनी न थकता काम केलं. १९७३ मध्ये ते वारले.

ही साक्ष आपल्या मंडळ्यांमधून पुष्कळदा सांगितली जाते आणि तिथेच थांबवली जाते: बघा, प्रार्थनेने बरे झाले, डॉक्टर लागला नाही. पुढचा भाग कुणी सांगत नाही. याच स्टॅन्ली जोन्सनी १९५० मध्ये त्याच लखनौत नूर मंझिल हे मनोरुग्णांसाठीचं ख्रिस्ती केंद्र उभं केलं. ज्याला प्रार्थनेतून आराम मिळाला, त्याच माणसाला वाटलं की इतरांसाठी मानसोपचाराचं रुग्णालय हवं, शिकलेले डॉक्टर हवेत. आपल्याला जसं मिळालं तसंच प्रत्येकाला मिळेल, असा हट्ट त्यांनी धरला नाही. मला ही त्यांच्या आयुष्यातली फार मोठी गोष्ट वाटते. साक्ष देणाऱ्या माणसाकडून आपण सहसा एवढ्या मोठ्या मनाची अपेक्षा करत नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजनेही १९५७ च्या सुमारास बागायमला मानसिक आरोग्य केंद्र सुरू केलं, आणि तिथे रुग्णाबरोबर घरच्या माणसाने राहायचं अशी पद्धत ठेवली. रुग्णाला कुलूपबंद करून नातेवाइकांनी निघून जायचं, हा जमाना होता तो. म्हणजे भारतात मनाच्या आजारावर माणुसकीने उपचार करणाऱ्यांमध्ये प्रार्थना करणारी माणसं पहिल्या रांगेत होती. तुमच्या पतींना डॉक्टरकडे नेताना तुम्ही आपल्या लोकांची वाट सोडत नाही आहात.

सुवार्तिकांच्या निदानावर मी फार वेळ घालवणार नाही. त्यांनी प्रार्थना केली, त्याबद्दल त्यांचे आभार. पण बाधा आहे असं बायकोला कोपऱ्यात सांगून पुढच्या गावी निघून जाणं, याला मी बेजबाबदारपणा म्हणते. कॅथलिक मंडळीच्या १६१४ च्या विधिग्रंथातसुद्धा लिहून ठेवलं आहे की बाधा झाली असं चटकन मानू नका, आधी आजार आहे का पाहा. त्यांना पुन्हा बोलवू नका. आणि भूत काढण्याच्या नावाखाली कुणी मारहाण करू पाहील, बांधून ठेवायला सांगेल, तर तो महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. प्रार्थना करणारा ख्रिस्ती असला म्हणून तो कायदा बदलत नाही.

तुमच्या दिरांचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला गंभीर उत्तर द्यायला हवं. फ्रॉइडबद्दल ते म्हणतात ते खरं आहे. १९२७ मध्ये त्याने पुस्तक लिहून धर्म हा मनाने रचलेला भ्रम आहे, असं मांडलं. पण दुसऱ्याच वर्षी त्याला लेख लिहून उत्तर देणारा माणूस कोण होता? ऑस्कर फिस्टर, झुरिकचा, रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट पंथाचा एक पाळक. हा पाळक स्वतः मनोविश्लेषण, म्हणजे फ्रॉइडची मन उलगडण्याची पद्धत, शिकला होता, मंडळीतल्या माणसांसाठी ते वापरत होता आणि फ्रॉइडचा जवळचा मित्र होता. १९०९ पासून फ्रॉइडच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९३९ पर्यंत, त्यांचा पत्रव्यवहार चालला. फिस्टरने त्याच्याकडून मन कसं चालतं ते घेतलं आणि देव नाही हे घेतलं नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येतात, हे त्याने आयुष्यभर करून दाखवलं. तसं आज कुठल्याही दवाखान्यात जा, डॉक्टर तुमच्या पतींना फ्रॉइडची मतं पाजणार नाही. झोप, भूक, विचार, घरातला ताण, आधी घरात कुणाला असा त्रास झाला होता का, हे विचारेल. बहुधा रक्तही तपासायला सांगेल. थायरॉईड बिघडलं किंवा बी-१२ कमी झालं तरी माणूस असा मलूल होतो, हे आधी पाहावं लागतं.

पवित्र शास्त्र पुरेसं आहे, ही भूमिका कुठून येते तेही मला ठाऊक आहे. १९७० मध्ये अमेरिकेत जे ॲडम्स नावाच्या पाळकाने एक पुस्तक लिहिलं आणि म्हटलं की पाळकांनी आपलं काम मानसशास्त्रज्ञांच्या हवाली केलं आहे, ते परत घ्या. बायबल कॉलेजांतून हा विचार खूप पसरला. त्यात एक गोष्ट मला पटते. मंडळीतल्या माणसाचं दुःख दिसलं की पाळकाने लगेच डॉक्टरचा पत्ता देऊन मोकळं व्हायचं, हे चूकच. पापाची कबुली, क्षमा, एकमेकांची ओझी वाहणं, हे डॉक्टर देऊ शकत नाही. पण शरीरातल्या बिघाडाला डॉक्टर हवा, हे ॲडम्सनाही मान्य होतं. नैराश्यात झोप, भूक, हालचाल, विचारांचा वेग, सगळंच बदलतं. त्यात शरीर नाही, असं म्हणणं पन्नास वर्षांपूर्वी कदाचित शक्य होतं, आता नाही. दिरांना आणखी एक विचारा. पौलाबरोबर लूक वैद्य होता, आणि पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे असं पौलाने तीमथ्याला लिहून कळवलं. वचन पुरेसं असणाऱ्या प्रेषिताला हे लिहावंसं का वाटलं?

आणि अँटन बॉयझन यांच्याविषयी त्यांच्या कॉलेजात शिकवलं नसेल तर सांगा. हा अमेरिकन पाळक १९२० मध्ये स्वतः मनोरुग्णालयात दाखल झाला, वर्षाहून जास्त काळ तिथे राहिला. बरा होऊन बाहेर आला आणि १९२४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या सरकारी मनोरुग्णालयात धर्मगुरू म्हणून रुजू झाला. पुढच्याच वर्षी त्याने ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी तिथे राहायला आणले. पुस्तकं वाचतो तशीच ही माणसंही वाचायला शिका, असं त्याचं सांगणं होतं. रुग्णालयात राहून पाळकपणाचं शिक्षण घेण्याची आज जगभर जी पद्धत आहे, आणि भारतातही काही ख्रिस्ती रुग्णालयांत आहे, तिची सुरुवात ज्यांनी केली त्यांत हा मनोरुग्ण पाळक होता. वेड्यांच्या डॉक्टरकडे मी जाऊ का, असं विचारणाऱ्या तुमच्या पतींना ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे. त्यांच्या टेबलावर एकोणिसाव्या शतकातल्या स्पर्जन या इंग्लिश उपदेशकाची प्रवचनं असतील, बहुतेक पाळकांच्या असतात. स्पर्जन बावीस वर्षांचा असताना, ऑक्टोबर १८५६ मध्ये, लंडनच्या एका सभागृहात त्याच्या उपासनेला हजारो लोक आले होते. कुणीतरी "आग, आग" ओरडलं आणि चेंगराचेंगरीत सात माणसं मेली. तेव्हापासून नैराश्याने त्याला आयुष्यभर पुन्हापुन्हा गाठलं. पाळक होऊ घातलेल्या तरुणांना त्याने या विषयावर अख्खं व्याख्यान दिलं आणि त्यात शरीराचं दुखणं, एकटेपण, विश्रांतीविना चाललेलं काम, अशी कारणं एकेक करून मोजली. समुद्रावरच्या वाऱ्याने आत्म्याला कृपा मिळत नाही, पण शरीराला प्राणवायू मिळतो, अशा अर्थाचंही त्यात आहे. एवढ्या मोठ्या उपदेशकाने आपल्या विद्यार्थ्यांपासून हे लपवलं नाही.

मात्र हे सगळं आज रात्रीच त्यांच्यापुढे वाचू नका. नैराश्यातल्या माणसाला पुरावे देऊन पटत नाही, त्यात तो आणखी हरतो. वचनंही ऐकवू नका. त्यांना ती तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत, आणि सध्या प्रत्येक वचन त्यांच्यावरच उलटतं. वाचायचंच असेल तर ८८ वं स्तोत्र वाचा. शेवटी आशेचा एकही शब्द नाही त्यात, अंधारातच संपतं. तरीही ते देवाला उद्देशून आहे आणि आपल्या शास्त्रात आहे. वाचून झालं की काही समजावू नका, पुस्तक मिटा. त्यांना प्रार्थना जमत नसेल तर म्हणा, "तुम्ही नका करू, मी करते." पक्षाघाती माणसाला चौघांनी छपरातून खाली सोडलं, तेव्हा येशूने त्या चौघांचा विश्वास पाहिला. आपल्याकडे त्या गोष्टीवर खूप उपदेश होतात, पण पाळक स्वतः बाजेवर असू शकतो हे त्यात सहसा येत नाही.

डॉक्टरकडे जायला तयार कसं करायचं? वाद घालू नका. "झोपेसाठी जाऊ या" म्हणा. ते खरंच आहे, आणि पहाटे तीनला उठून बसणं कुणालाही नको असतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. तिथे ओळखीचं भेटेल असं वाटत असेल तर शेजारच्या जिल्ह्यात जा. गोळ्या देतो तो मानसोपचारतज्ज्ञ, एम.डी. झालेला डॉक्टर. बोलून उपचार करणारा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वेगळा, त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती विचारून घ्या. नुसती पाटी लावून समुपदेशक झालेले आजकाल फार आहेत, आपल्या लोकांतही आहेत. डॉक्टर ख्रिस्तीच हवा असा आग्रह धरू नका. चांगला हवा. फक्त पहिल्याच भेटीत सांगा, "हे पाळक आहेत, प्रार्थना हा आमच्या आयुष्याचा भाग आहे." ऐकून जो चेष्टा करेल त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. असा डॉक्टर क्वचित भेटतो.

गोळ्या सुरू झाल्या तर गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या दिवसांत मळमळ होते, कधी अस्वस्थपणा येतो, तेव्हाच लोक गोळ्या सोडतात आणि औषधाचा उपयोग नाही म्हणतात. त्रास झाला तर डॉक्टरांना फोन करा. अस्वस्थपणा किंवा मरणाचे विचार वाढले तर लगेच करा. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, पण त्या एकदम बंद करायच्या नसतात, आणि बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी चालू ठेवायला सांगतात. कुणी प्रार्थना करून "बरा झालास, गोळ्या फेकून दे" म्हणाला, तर तुम्ही मध्ये उभ्या राहा. बरं वाटलं असेल तर डॉक्टर स्वतःच कमी करतील. बोलण्याच्या उपचारात त्यांना बहुधा एक गोष्ट शिकवतील: इच्छा होण्याची वाट पाहायची नाही, आधी थोडं करायचं. दहा मिनिटं चालणं, दहा मिनिटं पेटी. मन मागून येतं. हे तुम्ही आतापासूनच मुलीच्या मदतीने सुरू करू शकता, पण लाडीगोडीने, परीक्षा घेतल्यासारखं नको.

आता कमिटी आणि घर. तुमची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्याकडे पाळकाचं छप्पर त्याच्या कामाला बांधलेलं असतं, आणि बिचाऱ्या पाळकीणबाईंनी घरातलं प्रत्येक दुखणं त्या छपराकडे बघून लपवायचं असतं. ही व्यवस्था वाईट आहे. सेवेकरी आजारी पडला तर त्याला सांभाळणं हे मंडळीचं काम, आणि ते तिच्याकडून मागायला लाजायचं कारण नाही. पण मागताना शहाणपणाने मागा. बुधवारच्या प्रार्थनासभेत विनंती म्हणून हे मुळीच ठेवू नका. आपल्या प्रार्थना-विनंत्या आमेनच्या आधी व्हॉट्सॲपवर पोचतात. कमिटीतला किंवा वडीलमंडळीतला एकच माणूस निवडा, ज्याने आजवर कुणाचं बाहेर काढलेलं नाही. त्याला खरं सांगा. वरिष्ठांना डॉक्टरचं प्रमाणपत्र देऊन आजारपणाची रजा मागा. मंडळीला एवढंच सांगायचं: पाळकसाहेबांची प्रकृती ठीक नाही, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. हे खोटं नाही, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. निदान काय, गोळी कुठली, हे गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दिला आहे. कमिटीने विचारलं तरी डॉक्टर सांगणार नाही.

आणि एक. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के माणसांना त्या वेळी मनाचा कुठला ना कुठला आजार होता. तुमच्या मंडळीत दीडशे प्रौढ असतील तर त्या हिशेबाने पंधरा-सोळा माणसं. ती दर रविवारी समोर बसतात, "आनंद करा" ऐकतात आणि घरी जाऊन दार लावून घेतात. तुमचे पती बरे झाल्यावर त्यांना हे सांगावंसं वाटलं, तर मंडळीला त्याचा फार उपयोग होईल. पण ते त्यांनी, त्यांच्या इच्छेने. "ही तुमची साक्ष होईल" असं आत्तापासून त्यांच्या मागे लागू नका. आजारपणातून सेवेसाठी काहीतरी मिळालंच पाहिजे, हा दबावही माणसाला बरं होऊ देत नाही.

कामाचा भार कमी झाल्याशिवाय गोळ्या पुऱ्या पडणार नाहीत. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून "आता पुरे" म्हणाला, त्याला देवदूताने भाकर आणि पाणी देऊन दोनदा झोपू दिलं, हे सगळे सांगतात. त्यानंतरचं बघा. "मी एकटाच उरलो आहे," असं तो दोन वेळा म्हणाला. देवाने त्याला सांगितलं की सात हजार आहेत, आणि अलीशाला तुझ्या जागी अभिषेक कर. म्हणजे मदतनीस दिला. तुमच्याकडे उपवासकाळ सुरू झाला असेल. पुढे झावळ्यांचा रविवार, सप्ताहभर सभा, गुड फ्रायडेला येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवरचे उपदेश, ईस्टरची पहाट. एकट्या माणसाने हे सगळं करायचं ही आपली जुनी खोड. यंदा सात उद्गार सात जणांना वाटून द्या. सासऱ्यांना एक, दिरांना एक, बाकी वडीलमंडळी आणि भगिनी मंडळातल्या दोघी. सासऱ्यांना ईस्टरची उपासनाही द्या. मुलासाठी काय करू, हा त्यांचा प्रश्न आहे, त्याचं हे उत्तर आहे. लांबवून ते तीस मिनिटं बोलतील, बोलू दे.

तुमच्याविषयी पत्रात तुम्ही एक ओळही लिहिली नाहीत. संडे स्कूल, भगिनी मंडळ, घर, मुलगी, आणि चार महिने पहाटे तीनपासून दुसऱ्या खोलीत कान लावून जागं राहणं. हे तुम्ही करत असणार, मी खात्रीने सांगते. बहिणीला आठवडाभर रजा काढून यायला सांगा. ती नर्स आहे, डॉक्टर काय म्हणतात ते तिला कळेल, आणि तुम्हाला रात्री सलग झोप मिळेल. मुलीला "पप्पांना बरं नाही, औषध चालू आहे, तुझ्यामुळे काही झालेलं नाही" एवढं नक्की सांगा. सहावीतल्या मुलींना सगळं दिसतं, आणि कारण सांगितलं नाही तर त्या ते स्वतःत शोधतात.

ते यायला नाहीच म्हणाले, तर ठरलेल्या वेळी तुम्ही आणि बहीण दोघीच दवाखान्यात जा आणि मला लिहिलंत ते सगळं डॉक्टरांना सांगा. रुग्ण न येता आलेल्या बायका त्यांना रोज भेटतात. पुढे काय करायचं ते डॉक्टर तुम्हाला सांगतील. काय ठरलं ते मला कळवा, त्या पत्राला मी सदरात नाही, घरच्या पत्त्यावर उत्तर देईन.

तुमची,
ताई